फोटोत हात उसने का वाटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इंदूरमध्ये दोन वर्षांपासून पोर्ट्रेट काढतो, आधी हौसेनं, आता थोडे पैसे घेऊन. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स आहे. चेहरा, डोळे, उजेड जमतात. पण कमरेपर्यंतची फ्रेम घेतली की हात उसने आणून जोडल्यासारखे दिसतात. समोरचा विचारतो, 'हातांचं काय करू?' आणि मला उत्तर सुचत नाही. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे, फोटो मलाच काढायचेत. हातांच्या चांगल्या पोझची यादी मिळेल का?"

यादी माझ्याकडेही होती. बाबांच्या स्टुडिओत बसायला लागले तेव्हा मासिकांतली चित्रं कापून दाराच्या मागच्या बाजूला चिकटवली होती: हनुवटीखाली मूठ, कानामागे बोट, कमरेवर एक हात, कोटाच्या खिशात अंगठा. गिऱ्हाईक आलं की मी दाराकडे बघायची आणि त्याला सांगायची. गिऱ्हाईक सांगितलं तसं करायचं आणि फोटोत अगदी तसंच दिसायचं, म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून केल्यासारखं. वर्षभरानं बाबांनी ती चित्रं काढून टाकली. मला काही बोलले नाहीत, दाराला रंग द्यायचाय एवढंच म्हणाले.

आधी हे बघा की हात बिघडतो कधी. स्टुडिओत शिरताना त्या माणसाचे हात उत्तम असतात. चप्पल काढताना, पिशवी ठेवताना, पाण्याचा पेला घेताना, फोन खिशात घालताना एक बोट वाकडं नसतं. कॅमेरा वर गेला की त्याला एकदम कळतं, आपल्याला दोन हात आहेत आणि ते रिकामे आहेत. आपण सगळे "हाताची घडी, तोंडावर बोट" ऐकत मोठे झालो. कुणी रोखून बघायला लागलं की हात आवरायचे, ही शिकवण पहिलीपासूनची. त्यामुळे "रिलॅक्स व्हा" म्हणून उपयोग नाही. त्या शब्दानं आजवर एकाही माणसाचे खांदे खाली आलेले मी पाहिले नाहीत.

मी आता हाताला पोझ देत नाही, काम देते. आणि फोटो काम चालू असताना घेत नाही, ते थांबतं त्या क्षणी घेते. हे दुसरं वाक्य मला फार उशिरा कळलं. कळलं ते लोकमान्य नगरातल्या एका आजींच्या घरी.

त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मुलाला पत्रिकेसाठी आणि भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा होता. सकाळचे दहा, पूर्वेची खिडकी, खिडकीला पातळ पडदा. म्हणजे उजेडाची काही चिंता नव्हती. आजी नऊवारी नेसून खुर्चीत बसल्या आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकले, जसे त्यांच्या आईच्या फोटोत असतील तसे. चेहरा प्रसन्न, हात दगडाचे. मी म्हटलं, आजी, एक हात गालाला टेकवता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेची आठवण झाली. "गालाला हात लावून बसू नये गं, घरात शुभकार्य आहे." बरोबरच होतं. आपल्याकडे गालाला हात म्हणजे चिंता किंवा त्याहून वाईट काही. मासिकातली पोझ त्या घरात चालणारी नव्हती आणि हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग विचारलं, एरवी या वेळी काय करता? "वाती." त्या कापूस घेऊन आल्या, बोटांना किंचित भस्म लावलं आणि फुलवाती वळायला लागल्या. दोन मिनिटांत ते हात दुसऱ्याच बाईचे झाले. उजव्या हाताची चिमूट कापसाचं टोक पिळते आहे, डावा तळवा खालून अलगद आधार देतो आहे, करंगळी आपोआप जरा बाहेर आलेली. अशी करंगळी कुणाला सांगून बाहेर येत नाही. मी भराभर वीस-पंचवीस फोटो काढले. घरी येऊन बघते तर सगळ्यांत हात सुंदर आणि डोळे खाली. पापण्याच पापण्या. आजींचं पोर्ट्रेट नव्हतंच ते, वाती वळण्याचं प्रात्यक्षिक होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी मांडीवरचा कापसाचा गठ्ठा बाजूला ठेवला, कारण तो पांढरा ढीग नजर खेचत होता. चिमटीपुरता कापूस राहू दिला. एक वात पुरी होईपर्यंत कॅमेरा खालीच ठेवला आणि ती पुरी होता होता विचारलं, "आजी, लग्न होऊन इंदुरात आलात तेव्हा घर कुठे होतं?" हात थांबले, मान वर आली. वात अजून दोन बोटांत, मनगट सैल, डोळे माझ्याकडे आणि थोडे माझ्या पलीकडे. तेवढा एक क्षण. थांबलेल्या हातात आधीच्या कामाचा आकार पाच-सात सेकंद टिकून राहतो. मग तो विरतो आणि हात पुन्हा रिकामा होतो. तुमचा फोटो त्या पाच-सात सेकंदांत आहे.

पत्रिकेवर मुलानं शेवटी गुडघ्यांवर हातवालाच फोटो छापला, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या गिऱ्हाइकांकडे वाती नसतील, पण काम प्रत्येकाकडे असतं. घड्याळाचा पट्टा, बाहीचं बटण, ओढणीचं टोक, चष्मा पुसणं, उपरणं सारखं करणं. राजवाड्यापाशी सकाळी फोटो काढत असाल तर चहाचा ग्लास हातात द्या. गरम ग्लास माणूस आपोआप बोटांच्या टोकांनी धरतो आणि बोटं छान सुटी होतात. विजयनगरच्या आयटी कंपन्यांतल्या मुलांना प्रोफाइलसाठी फोटो हवा असतो आणि त्यांना हाताची घडीच घालायची असते. घालू द्या, पण दोन्ही पंजे काखेत गडप होऊ देऊ नका. एका हाताची बोटं दंडावर दिसली पाहिजेत, आणि ती दंड दाबत नसून नुसती टेकलेली असावीत. लहान मुलांच्या हातांच्या वाटेला जाऊच नका. त्यांना सगळं येतं.

ज्यांना खरोखरच काही सुचत नाही त्यांच्यासाठी माझा एक उपाय आहे. दोन्ही मुठी घट्ट आवळायला सांगते, पाच मोजते, मग "झटका" म्हणते. मनगटं झटकली की बोटं स्वतःहून एका वळणात स्थिरावतात: तर्जनी सगळ्यांत सरळ, करंगळीपर्यंत वाक वाढत गेलेला. बोटं एकेक करून मांडायला गेलात तर हे वळण तासाभरात साधणार नाही.

पण हात बरा दिसायला सुरुवात हातापासून होत नाही. खांदा वर चढलेला असला की कोपर अंगाला चिकटतं, कोपर चिकटलं की मनगट ताठ होतं आणि मग तुम्ही बोटांशी खेळत बसता. म्हणून आधी पाय. वजन एका पायावर टाकायला लावा. एक गुडघा सैल झाला की खांद्यांची रेघ तिरकी होते आणि हात लोंबायला मोकळा होतो. मग कोपर अंगापासून वीतभर लांब. दंड बरगड्यांना दाबला की चपटा होऊन आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि बायका नेमकी त्याच फोटोची तक्रार करतात. कोपर आणि कंबर यांच्यात पलीकडचा उजेड दिसेल इतकी फट ठेवली की कंबर वेगळी कळते. पंढरपूरच्या विठोबाची नुसती बाह्यरेषा काढली तरी ओळखू येते, ती त्या कमरेवरच्या हातांमुळे. ती बाह्यरेषा मी नव्या मुलांना कागदावर काढायला लावते.

आता मापाचा भाग. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो. स्वतःचा हात तोंडावर ठेवून बघा. म्हणजे हाताची पाठ कॅमेऱ्याकडे सपाट आली की फ्रेममध्ये चेहऱ्याएवढा दुसरा फिकट ठोकळा तयार होतो. म्हणून हात कडेनं दाखवायचा, करंगळीची बाजू लेन्सकडे. त्याच हाताची रुंदी निम्मी होते आणि बोटांची लांबी कळते. पुरुषांच्या बाबतीत मी हे इतकं पाळत नाही. सराफ्यातल्या एका जुन्या कारागिराचा फोटो काढताना मी हाताची पूर्ण पाठ दाखवली होती, कारण त्यावरचे चटके हीच त्याची ओळख होती.

हात मोठा दिसतो याचं खापर लेन्सवर फोडलं जातं, पण खरा गुन्हेगार अंतर आहे. तुम्ही दीड मीटरवर उभे आहात आणि समोरच्यानं हात ४० सेंटीमीटर पुढे आणला, तर हात १.१ मीटरवर आला. चेहऱ्याच्या मानानं तो एक तृतीयांशाहून थोडा जास्तच मोठा दिसणार. अडीच मीटरवर मागे गेलात तर हाच फरक पाचव्या हिश्शाच्या आसपास उरतो. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते आणि फ्रेम भरायला माणूस जवळ जातो, म्हणून तिथे गुडघ्यावरचा हात फावड्यासारखा येतो. मोबाइलवर दोन किंवा तीन पटीची लेन्स घ्या आणि मागे सरका. पोर्ट्रेट मोडपासूनही सांभाळा. तो बोटांमधल्या फटी ओळखताना हमखास चुकतो आणि अर्धं बोट पार्श्वभूमीत विरघळवतो.

तुमच्या ५० मिमीबद्दल माझा अंदाज आहे की तुम्ही ती कायम एफ १.८ वर उघडी ठेवता. क्रॉप सेन्सरवर दीड मीटरवरून त्या उघडीपला स्पष्ट पट्टा सहा-सात सेंटीमीटरचाच मिळतो, त्यातला जेमतेम निम्मा डोळ्यांच्या पुढे. हनुवटीखालचा हात त्याच्या पुढे येतो आणि धूसर होतो. धूसर हात चेहऱ्यापुढे म्हणजे कुणी चुकून मध्ये आल्यासारखं. एफ ४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं की, तोच पट्टा १४ सेंटीमीटरच्या आसपास जातो. हात फ्रेममध्ये आहे म्हटलं की मी एफ ४ च्या खाली येत नाही. मागची भिंत धूसर हवी असेल तर माणसाला भिंतीपासून लांब आणा.

जुन्या फोटोंचं हे "गुडघ्यांवर हात" आलं कुठून, हेही सांगते, कारण आपल्या इंदूरचा त्यात भाग आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली इथे बांधकाम खात्यात नक्षानवीस म्हणून लागले आणि पुढे फोटोग्राफीकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. हैदराबादच्या निजामाकडे गेले ते नंतर. त्या काळात फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर घेत, आणि एकेका फोटोला काही सेकंद लागत. तेवढा वेळ अधांतरी हात कुणाचाही स्थिर राहत नाही, म्हणून हाताला आधार हवा: टेबल, खुर्चीची पाठ, पुस्तक, तलवारीची मूठ, गुडघा. आधार हालू नये म्हणून होता, रुबाबासाठी नव्हता. काचा गेल्या, फिल्म आली, तीही गेली, आज आपण सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो काढतो, आणि घरोघरचे काका अजूनही खुर्चीत बसले की हात गुडघ्यांवर आवळतात. हात हलले तरी चालतील, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी सांगते. "काका, बोलताना हात हलवतात तसे हलवा, मी पकडते." हलत्या हातांसाठी शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून सावकाश नको.

आणि हात खरोखर बघायला शिकायचं असेल तर फोटोंपेक्षा चित्रं बघा. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. त्या बाईच्या हाताला काम आहे: ज्योत वाऱ्यापासून झाकायची. म्हणून बोटं जवळ, तळवा वाकलेला, आणि बोटांमधून उजेड लालसर होऊन झिरपतो. हाताचं कारण आणि फ्रेममधल्या उजेडाचं कारण एकच. आपल्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोन्व्हेल यांनी केलेली पोर्ट्रेटंही शोधून बघा. ती लांबसडक बोटं चेहऱ्याशी जवळजवळ स्पर्धा करतात, आणि चित्रकारानं ती करू दिली आहे. ते धाडस माझ्यात नाही.

फ्रेम कापताना मनगटावर कापू नका, बोटांच्या पेरांवर तर नाहीच. एक तर पूर्ण हात घ्या, नाहीतर कोपर आणि मनगट यांच्या मधोमध कापा. पँटच्या खिशात हात घालायचा तर अंगठा तरी बाहेर राहू द्या. सगळा पंजा आत गेला की हात मनगटापाशी संपल्यासारखा दिसतो. ग्रुपमध्ये आणखी एक घोटाळा असतो आणि तो मी स्वतः केलेला आहे. एका लग्नात चौदा जणांचा कौटुंबिक फोटो, मोठ्या अल्बमचं आडवं अख्खं पान. अल्बम नेऊन दिला तर नवरीच्या आत्यानं बोट ठेवलं: "माझ्या खांद्यावर हा कुणाचा हात?" चार बोटं, अंगठी घातलेली, मागून आलेली, मालक दिसेना. शेजारच्या प्रत्येकाचे दोन्ही हात मोजून झाले. शेवटी तो मागच्या रांगेतल्या, चेहरा अर्धा झाकलेल्या एका मामांचा निघाला, पण तोवर आत्या पान उलटायला तयार नव्हत्या. पान पुन्हा छापून द्यावं लागलं, माझ्या खर्चानं. तेव्हापासून क्लिक करण्याआधी चेहरे बघून झाले की मी एकदा फक्त हात बघत रांगेवरून नजर फिरवते. आता तर लोक फोटोत बोटं मोजायलाच बसलेले असतात. एखादं बोट दुमडून लपलं की "एआयनं केलं का?" असं विचारतात.

हात लावून सारखा करायचा का, हेही तुम्ही कधीतरी विचाराल. मी बायकांचाही हात न विचारता धरत नाही. समोर उभी राहून स्वतःचा हात तसा करून दाखवते, त्या आरशासारखं करतात. ते जास्त पटकन होतं. हाताच्या शिरा फुगलेल्या असतील तर दोन्ही हात मिनिटभर डोक्याच्या वर धरायला सांगा. रक्त खाली उतरतं आणि शिरा बसतात. आजी-आजोबांच्या शिरा मात्र राहू द्या.

आता तुमच्या मावसबहिणीचं लग्न. आपल्या लग्नात हातांना कामाची कमतरताच नाही, त्यामुळे तुम्ही सुखात आहात. मुंडावळ्या बांधताना आईची बोटं, अक्षता धरलेली मूठ, हार उचललेला आणि अंतरपाट खाली यायची वाट बघणारे हात, कन्यादानाला ओंजळीखाली ओंजळ आणि वरून पाण्याची धार. इथे तुम्ही फक्त योग्य बाजूला उभे राहा. कन्यादानाला गुरुजींच्या खांद्यामागून काही मिळत नाही. वधूच्या आईच्या बाजूनं, खाली बसून, ओंजळीच्या पातळीवर कॅमेरा आणा आणि गुरुजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते पळी मध्ये आणणार नाहीत. अंतरपाट खाली येतो तेव्हा सगळे चेहऱ्यांकडे कॅमेरा रोखतात. मी एक फोटो हारावरच्या बोटांचा घेते. त्यांनी हार किती घट्ट धरलाय त्यावरून पोटातली धाकधूक दिसते.

मेंदीचा फोटो मेंदीच्या रात्री काढलात तर तो वाळलेल्या लेपाचा फोटो होतो. लेप काढल्यावर रंग एक-दोन दिवस चढत जातो, म्हणून खरा फोटो लग्नाच्या सकाळी, खिडकीच्या बाजूच्या उजेडात. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर पसरून "बघा मेंदी" असा एक काढा, मावशी मागणारच आहेत. तो उरकला की तिला कानातलं घालायला सांगा, आणि फिरकी लागली की हाक मारा.

आणि एक. नवरीच्या चेहऱ्याला मेकअपचा थर असतो, हात तसेच राहतात. गालापाशी हात आला की दोन माणसांचे वाटतात. गाडीवर जाताना हातमोजे घालणारी मुलगी असेल तर पंजा गोरा आणि दंड रापलेला, असंही निघतं. संगणकावर हे निस्तरताना रात्री जातात. मेकअपवाल्या ताईंना हातांचं आदल्या दिवशीच सांगा. एकदा शालू नेसून झाला की त्या हातांना ब्रश लावत नाहीत.